जुळे सोलापुरातली पहाटेची अभ्यासिका: नोकरी करून कादंबरी लिहिणाऱ्यांना परवडते का?

सरळ सांगते, ही जागा लेखकांसाठी काढलेलीच नाही. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, बँक असल्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींची अभ्यासिका आहे, मी पहिल्यांदा मालकांना सांगितलं की मला कादंबरी लिहायला बसायचंय तेव्हा त्यांनी दोन सेकंद माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे कुठली पोस्ट, मॅडम?" तरीपण दिवसभर नोकरी करून काहीतरी मोठं लिहायचं डोक्यात घेतलेल्या माणसाला सोलापुरात पैसे देऊन मिळणारी याच्याइतकी कामाची जागा मला तरी सापडली नाही, म्हणून हा रिव्ह्यू. नाव टाकत नाहीये, एक तर पहाटेच्या बॅचला सीटा आधीच कमी, आणि दुसरं म्हणजे जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या पट्ट्यात अशा अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्यात आणि सगळ्यांची पद्धत साधारण एकच आहे, तुमच्या घराजवळची बघा.

जागेला पाचपैकी चार, खुर्चीला दोन, टॉयलेटला तीन, शांततेला साडेचार. चहाला मार्क नाहीत कारण चहाच नाही.

फीचं असं आहे की फुल डे फिक्स सीट घेतली तर हजाराच्या आसपास, नॉन-फिक्स (रिकामी असेल त्या सीटवर बसायचं) थोडी कमी, आणि पहाटे पाच ते नऊची बॅच सहाशे. लॉकरच्या चावीचं डिपॉझिट वेगळं. मी पहाटेची घेतली. पाचला शटर अर्धं वर असतं, आतला पोरगा झोपेतच रजिस्टर पुढं सरकवतो, सही करायची, मोबाईल सायलेंट, चप्पल बाहेर. लेडीजना वेगळा हॉल आहे, मध्ये प्लायचं पार्टिशन, कॅमेरे आहेत आणि चालूपण आहेत (मी विचारून स्क्रीन बघितली, पहाटे अंधारात जायचं तर हे विचारावंच). प्रत्येक सीटला तीन बाजूंनी फळी, वर एक ट्यूब, एक प्लग. फळीवर आधीच्या पोरीने स्केचपेनने "पीएसआय होणारच" लिहिलेलं आहे ते मी पुसलं नाही, त्याच्या खाली बसून लिहायला मला बरं वाटतं.

आता मला ही जागा कशाला लागली ते सांगते, नाहीतर रिव्ह्यू अर्धवट होईल. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या युनिटमध्ये अकाउंट्स बघते. कागदावर साडेनऊ ते साडेसहा, खरं किती ते अकाउंट्सवाल्यांना माहितीय. घरी दोन पोरं, सासूबाई, नवरा, आणि वर आपलं सोलापूरचं पाणी. बाहेरगावच्या लोकांना सांगून पटत नाही पण आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तेपण कधी पहाटे, कधी रात्री अकराला, त्या दिवशी घरातल्या कोणालाच दुसरं काही सुचत नाही. अशा घरात मी ठरवलं की साठ हजार शब्दांची कादंबरी लिहायची. विडी वळणाऱ्या बायकांवर. लहानपणी आम्ही अशोक चौकाच्या बाजूला राहायचो, शेजारच्या अक्का दारात सूप मांडीवर घेऊन बसायच्या, पान, तंबाखू, दोरा, कात्री, आणि तोंडाने आमच्याशी तेलुगू-मराठी मिसळून गप्पा, हात एकदापण थांबायचे नाहीत. ते सगळं डोक्यात आहे आणि ते दहा पानांत मावणार नाही हे मला पक्कं माहिती होतं.

यावर लोकांनी काय सल्ले दिले तर एकच, "अगं आधी छोटं ध्येय ठेव." रोज शंभर शब्द लिही, जमेल तसं लिही, एखादी कविता कर की. मला हा सल्ला पटला नाही आणि अजूनपण पटत नाही. मी हिशोबाची बाई आहे, कॅल्क्युलेटर घेतला. रोज शंभरने साठ हजार व्हायला सहाशे दिवस, तेपण एकही दिवस न चुकवता, म्हणजे जवळपास वीस महिने झाले, आणि तोवर पहिल्या प्रकरणातल्या मुकादमाचं नाव काय ठेवलं होतं हे मलाच आठवणार नाही. छोट्या ध्येयाचा तोटा हाच आहे, त्याने गोष्ट गरम राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत एक प्रकरण हातावेगळं झालं नाही तर त्यातली माणसं डोक्यातून निघून जातात.

दुसऱ्या टोकाला ते अमेरिकेतलं नोव्हेंबरचं चॅलेंज, नॅनोरायमो नावाचं. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात २१ जणांनी सुरू केलं, महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी, पुढं जगभर लाखो लोक करायला लागले. ती मूळ संस्था २०२५ मध्ये बंद झाली पण आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय तो बसलाच, ३० दिवस, रोज १,६६७ शब्द. आता मला सांगा, आपल्याकडं नोव्हेंबर म्हणजे काय? कधी दिवाळीच नोव्हेंबरात येते, नाही आली तर दिवाळीनंतर उरलेलं सगळं काम नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, प्रत्येक रविवारी एक आहेर. आणि रोज १,६६७ शब्द मराठीत टाईप करायचे म्हणजे माझ्या स्पीडने दोन-अडीच तास, तेपण काय लिहायचं हे आधी माहिती असेल तर. हे ज्यांनी शोधलं त्यांच्या घरी पाण्याचा दिवस नसणार.

मग मी काय केलं, तर ध्येय साठ हजारच ठेवलं, वर्ष छोटं केलं. वर्षात आठवडे ५२. त्यातले १२ मी आधीच बुडीत खात्यात टाकले. मार्च क्लोजिंगचे, सप्टेंबर अखेरीला टॅक्स ऑडिटची तारीख असते त्याच्या आधीचे, दिवाळीचे, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं ते, आणि दोन-तीन आजारपणाचे म्हणून. कुठला आठवडा जाणार हे आधी धरून ठेवलं की तो गेल्यावर रडू येत नाही, बुक्समध्ये आपण तरतूद करतोच की, येणं बुडणार हे माहिती असतं म्हणूनच करतो ना. राहिले ४० आठवडे. ६०,००० भागिले ४० म्हणजे आठवड्याला १,५००. आठवड्यात पाच बैठका धरल्या तर बैठकीला ३००. तीनशे शब्द म्हणजे हाताने लिहिलं तर वहीची दीड-दोन पानं. हे पहाटेच्या दीड तासात होतं. म्हणजे ध्येय तेवढंच मोठं, फक्त वर्ष खरं किती आहे ते मोजायचं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, सगळे एक तर ध्येय कमी कर म्हणतात नाहीतर झोप कमी कर म्हणतात.

महिन्याच्या आतपण तीच गोष्ट आहे. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १५ ला पीएफ, २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न). ज्यांना हे आकडे माहितीयत त्यांना पुढं सांगायला नको. महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत डोकं संध्याकाळी बधिर झालेलं असतं आणि पहाटेपण स्वप्नात इनपुट क्रेडिट जुळत नसतं. माझा लिहायचा खरा माल २१ तारखेपासून पुढच्या ५-६ तारखेपर्यंत निघतो. त्यामुळे मी मालकांना (त्यांना सगळे अण्णा म्हणतात) सांगितलं की अण्णा, माझा महिना २१ ला सुरू करा. बाकी सगळ्यांची फी १ तारखेला. ते म्हणाले "असं कुठं असतंय का ओ मॅडम, रजिस्टरचा घोळ होतो." मी म्हटलं रजिस्टर द्या मी बसवून देते. दिलं, बसवून दिलं, पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून माझी फी २१ ला जाते आणि फी भरली की पुढचे पंधरा दिवस मी जास्त जाते, ताजे पैसे गेलेले असतात ना. फी भरल्याची ही चुटपुट हाच या जागेचा अर्धा फायदा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

यावरून एक सांगते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात अँथनी ट्रोलोप म्हणून कादंबरीकार होता, पोस्टखात्यात नोकरी. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटाला २५० शब्द, आणि मग ऑफिस. डझनावारी कादंबऱ्या लिहिल्या त्याने. लोकांना त्याची शिस्तच आठवते, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली, त्याला पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता आणि या कामाचे तो त्याला वर्षाला ५ पौंड जादा द्यायचा. म्हणजे त्याचीपण शिस्त विकतचीच होती की! मी सहाशे देते. कॉफी नाही मिळत एवढाच फरक.

आणि लांब कशाला जायचं, आपले मारुती चितमपल्ली सोलापूरचेच, जन्म इथला, २०२५ च्या जूनमध्ये गेलेपण इथंच, त्याच वर्षी पद्मश्री जाहीर झाली होती. आयुष्यभर वनखात्यात नोकरी. २००६ ला सोलापुरात साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष तेच. जंगलात ड्युटी करून माणूस एवढं लिहितो आणि आपल्याला एमआयडीसीतून घरी आल्यावर होत नाही असं मी मनात म्हणायचे, मग लक्षात आलं की त्यांची ड्युटी आणि त्यांचं लिहिणं एकाच जंगलात होतं. टॉवेलच्या इन्व्हॉइसमध्ये मला काय सापडणार. माझ्यासारख्यांना कामाच्या आणि लिहिण्याच्या मध्ये एक दार लागतं, ते दार म्हणून ही अभ्यासिका ठीक आहे.

आता दुसऱ्या जागांशी तुलना. घर, वर सांगितलं. ऑफिस सुटल्यावर तिथंच बसणं, करून बघितलं, दहा मिनिटांत कोणीतरी "मॅडम आहेत अजून, जरा ते लेजर बघा की" म्हणत येतं. कॅफे, तिथं गाणी मोठ्याने लावतात आणि एका कॉफीवर तासभर बसलं की वेटर टेबल पुसायला येतो, परत परत पुसतो, आणि एका कॉफीचे जेवढे जातात तेवढ्यात इथं आठवडा निघतो. सार्वजनिक वाचनालय, हिराचंद नेमचंदसारखं जुनं वाचनालय आपल्या गावात आहे हे भाग्यच आहे, रविवारी मी तिथं जाते, संदर्भ बघायला, जुनी पुस्तकं चाळायला, पण पहाटे पाचला वाचनालय कोण उघडणार. म्हणून लिहायला अभ्यासिका आणि वाचायला वाचनालय अशी माझी वाटणी झालीय.

तोटे सांगते, ते महत्त्वाचे. पहिला तोटा, लॅपटॉप. तुम्हाला वाटेल टाईप करण्याचा काय आवाज होतो, पण पहाटे साडेपाचला सगळा हॉल पाठांतर करत असतो तेव्हा किबोर्डचा आवाज हातोड्यासारखा जातो. पहिल्या आठवड्यात मागच्या सीटवरच्या पोरीने चिठ्ठी पाठवली, "काकू प्लीज टाईप हळू करा." काकू! बरं, हळू टाईप केलं तर तीनशे शब्दांना सकाळ जाते. शेवटी वही घेतली. शंभर पानी साधी वही, जेल पेन, आणि मग संध्याकाळी पोरांचा होमवर्क घेताना किंवा दुपारी डबा खाताना फोनवर बोलून टाईप करते. मराठीत बोलून टाईप आता बऱ्यापैकी होतं, विरामचिन्हं हाताने घालावी लागतात आणि अक्कांच्या तोंडचं तेलुगू आलं की भलतंच काहीतरी छापून येतं, ते वाचून मी आणि माझी मुलगी पोट धरून हसतो, पण साठ-सत्तर टक्के काम होऊन जातं. खरं सांगायचं तर या तोट्याचा फायदाच झाला, हाताने लिहिताना मी मागचं खोडत बसत नाही. लॅपटॉपवर पहिलं वाक्यच दहा वेळा नीट करायची सवय लागते.

ज्यांना लॅपटॉपवरच लिहायचंय त्यांनी आधी विचारा की वेगळी लॅपटॉप रूम आहे का. काही ठिकाणी असते. इथं नाही.

दुसरा तोटा, खुर्ची. प्लॅस्टिकची, मागं कलती. वीस-बावीसच्या पोरांच्या कमरेला चालते, चाळिशीला नाही. मी घरून उशी नेते, रजिस्टरवाला पोरगा हसतो, हसू दे. तिसरा तोटा, पैसे परत नाहीत आणि पुढच्या महिन्यात ॲडजस्टपण नाहीत. पोरगं आजारी पडलं, आठवडा गेला, तर गेला. ऑडिटच्या महिन्यात मी फीच भरली नाही, तर माझी कोपऱ्यातली सीट दुसऱ्या मुलीला दिली, आता मी दाराजवळ बसते. नियम आहे, मान्य, पण जुन्या माणसाला एक फोन तरी करायचा. अर्धा मार्क त्यासाठी कापला. चौथा, रस्त्यावरची कुत्री. पहाटे पाचला स्कुटीच्या मागं लागतात, याला अभ्यासिका जबाबदार नाही पण पहाटेची बॅच घेणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवा. मी आता शेजारच्या गल्लीतल्या एका नर्सिंगच्या मुलीसोबत येते, दोघी असलो की बरं.

आणि शांततेत साडेचार का, पाच का नाही, तर पलीकडच्या हॉलमधली पोरं. एकमेकांना "काय बे, झालं का बे पॉलिटी" असं कुजबुजतात पण सोलापूरची कुजबुज ती, पार्टिशनच्या अलीकडं स्पष्ट ऐकू येते. मला राग येत नाही खरं तर, दोन-तीन संवाद मी उचलून कादंबरीत घातलेत.

पण या पोरांमुळेच ही जागा चालते हेपण सांगायला पाहिजे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे नुसते गोल काळे करून भागत नाही, उत्तरं लिहावी लागतात. त्यामुळे आता हॉलमध्ये अर्ध्या पोरी हाताने लिहीत असतात, घड्याळ लावून, उत्तर संपलं की शब्द मोजतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गंमत वाटली, वीस जणी शब्द मोजतायत आणि त्यातली एकटी मी कुठल्या परीक्षेला बसले नाहीये. एकीने मला निबंध तपासायला दिला. शुद्धलेखन बघून दिलं, वाक्यं लांब होती ती तोडून दिली (माझा हा रिव्ह्यू वाचून तिला हसू येईल). बदल्यात ती मला रोज विचारते, "काकू, आजचे किती?" तिला उत्तर द्यावं लागतं म्हणून मी लिहिते असे बरेच दिवस गेलेत. घरी कोण विचारणार? घरी विचारतात पाणी भरलं का.

मला एकदा तिने विचारलं की काकू तुम्हाला तारीख कुठली, आमची तर परीक्षेची तारीख असते. बरोबर विचारलं तिने. कादंबरीला तारीख नसते हीच तर अडचण आहे. त्यावर मी दिवाळी अंक पकडलेत. आपल्याकडं १९०९ ला का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे, आणि दिवाळीला अंक येतो म्हणजे मजकूर पावसाळ्यातच द्यावा लागतो, बरेच अंक जुलै-ऑगस्टमध्ये दार बंद करतात. म्हणून मी कादंबरीतलं एक प्रकरण कथा म्हणून स्वतंत्र उभं राहील असं जूनअखेर तयार करून पाठवते. छापून येईल न येईल, पण जूनला एक तुकडा नीट करून पाकिटात घालायचाय म्हटलं की मे महिन्यातल्या बैठका चुकत नाहीत. पाठवणाऱ्यांना एक टीप, मजकूर युनिकोडमध्ये मागतात का ते आधी विचारा आणि टपालाने पाठवलं तर झेरॉक्स आपल्याकडं ठेवा.

शब्द मोजण्याबद्दल पण थोडं, कारण यावर माझी बऱ्याच जणांशी वादावादी झालीय. साहित्याला आकडा लावायचा का म्हणून. अहो, अक्कांची मजुरी हजारावर होती. विडीचा दर आजपण हजारावरच ठरतो. बसल्या किती तास हे कोणी विचारत नाही, हजार झाल्या का. पण त्याच्या पुढची गोष्ट लोक विसरतात, कारखान्यात माल दिला की तिथला माणूस छाट काढतो. सैल वळलेली, तोंड नीट न मोडलेली, पान फाटलेली बाजूला, आणि छाटीचे पैसे नाहीत. म्हणून बायका हजार द्यायचे तर थोड्या जास्त वळून न्यायच्या. मी तेच धरलंय. आठवड्याचे पंधराशे मोजताना काही फेकत नाही, वाईट वाक्यपण मोजते, आणि छाट फक्त रविवारी. रविवारी किती गेले ते वहीत मागच्या पानावर वेगळं लिहिते. त्यामुळे साठ हजार हे छाट काढून धरायचे की न काढता हा प्रश्न येतोच, मी न काढता धरलेत. पुस्तक पन्नासचं झालं तरी माझं काही बिघडत नाही, कादंबरी पन्नास हजारांतपण होते. तुम्ही काय धरायचं ते आधी ठरवा, मध्ये बदललं की स्वतःलाच फसवल्यासारखं होतं.

पहाटे उठण्याबद्दल मी कौतुक करणार नाही. मी रात्री साडेनऊला झोपते म्हणून साडेचारला उठते, यात काही पराक्रम नाही, सिरियल सुटल्या एवढंच. नवऱ्याने सकाळचे डबे घेतले. हे आधी बोलून ठरवलं, महिनाभर कटकट झाली, एकदा पोरीच्या डब्यात नुसती शेंगाचटणी आणि कडक भाकरी गेली, ती म्हणाली बेस्ट होतं, तेव्हापासून कटकट कमी झाली. ज्या बायकांच्या घरी हे ठरू शकत नाही त्यांना पहाटेची बॅच जमणार नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी संध्याकाळची बघावी, फक्त ती महाग आहे आणि गर्दी असते. शिफ्टवाल्यांना, म्हणजे नर्स, कॉल सेंटर, लूमवर फिरती पाळी असणाऱ्यांना मी नॉन-फिक्स फुल डे सुचवीन, चोवीस तास उघडं असेल तरच.

कोणी घेऊ नये तेपण सांगते. ज्यांना लिहिताना मोठ्याने वाचून बघायची सवय आहे, कवींना बहुतेक असते, त्यांनी येऊ नये, हाकलतील. ज्यांना अजून काय लिहायचंय हेच ठरलेलं नाही त्यांनीपण फी भरू नये, या जागेत विचार करायला सुचत नाही, इथं फक्त ठरलेलं उतरवता येतं. विचार मी स्कुटीवर करते, अक्कलकोट रोडच्या ट्रॅफिकमध्ये, आणि सिग्नलला फोनमध्ये दोन शब्द बोलून ठेवते. रात्री झोपताना उद्या पहिलं वाक्य कुठलं एवढं ठरवून झोपायचं. ते नसेल तर पाच ते साडेसहा नुसतं समोरच्या फळीकडं बघत बसाल.

वाय-फाय आहे, पासवर्ड मी घेतलेला नाही. इन्व्हर्टर आहे, लाईट गेली तर ट्यूब चालू राहते, पंखा नाही. पाण्याचा जार रोज भरतात. पार्किंग समोरच, पण आठच्या पुढं शेजारचा दुकानदार ओरडतो. बाहेर कोपऱ्यावर साडेसातला गाडी लागते, इडली आणि सुशीला (चुरमुऱ्यांची असते ती), सुशीला घ्या, इडली कोरडी असते.

एसीबद्दल बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पण पहाटेच्या बॅचला लावत नाहीत, कूलर लावतात, बाकी एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ वर गेलेला असतो तेव्हा पहाटेसुद्धा भिंती गरमच लागतात त्यामुळे कूलरपण गोड वाटतो. फक्त सीट निवडताना डावीकडच्या कूलरसमोरची घेऊ नका, पाण्याचे थेंब उडतात आणि जेल पेनची शाई पसरते. बॉलपेन वापरत असाल तर बिनधास्त घ्या, ती सीट नेहमी रिकामीच असते.